उंच पोराला कुणाच्या हवाली करायचं?

पोरगा सोळाव्या वर्षी सहा फूट चार इंचांवर गेला की मोहल्ल्यात सल्ले सुरू होतात. पहिला सल्ला पोलीस भरतीचा. दुसरा अलीकडचा आहे, बास्केटबॉलचा. मनमाडसारख्या रेल्वेच्या गावात या दुसऱ्या सल्ल्याला वजन येतं, कारण रेल्वेत खेळाडूंच्या कोट्यातून भरती होते हे इथल्या चहाच्या टपरीवरही सगळ्यांना ठाऊक असतं. इंग्रजांनी 1906 साली पुलांचं वर्कशॉप काढल्यापासून या गावातल्या बापांनी पोरांसाठी एकच स्वप्न पाहिलं, रेल्वेचा पास. तो पास उंचीच्या जोरावर मिळत असेल तर कोण सोडेल?

गेल्या काही महिन्यांत अशा दोन-तीन पालकांनी मला विचारलं. त्यातल्या एकाचा प्रश्न नेमका होता. पुण्यात एक जुने नावाजलेले खेळाडू उंच मुलांसाठी दहा दिवसांचं शिबिर घेतात. फी त्यांच्या दोन महिन्यांच्या कमाईएवढी. ‘भाईजान, नाव खूप मोठं आहे. पोरगं त्यांच्या हाताखाली गेलं तर बनून जाईल. कर्ज काढू का?’ मी काही प्रशिक्षक नाही. खेळाचं वाचणारा आणि बघणारा माणूस आहे. पण प्रश्न पैशाचा, त्याहून जास्त पोराच्या तीन-चार वर्षांचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मोठं नाव ही तिसरी अट आहे. पहिली अट, पोराजवळ रोज उभं राहणारं कुणी आहे का. दुसरी, ते मोठं नाव त्याच जागेवर खेळलेलं आहे का, जिथे तुमचा पोरगा खेळणार आहे. या दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तरच तिसऱ्याकडे वळा.

त्याच जागेवर म्हणजे काय, हे ज्यांनी बास्केटबॉल फक्त शाळेच्या मैदानावर पाहिला त्यांच्यासाठी सांगायला हवं. पाच खेळाडूंमधला सगळ्यात उंच तो सेंटर. त्याचं बरंचसं काम रिंगला पाठ करून चालतं. मागून शंभर किलोचा माणूस ढकलत असतो, समोरून चेंडू येतो, आणि डोळ्यांनी न पाहता पाठीवरच्या दाबावरून ओळखायचं असतं की तो डावीकडे झुकलाय की उजवीकडे. मग एका पायावर गिरकी. हे फळ्यावर समजावून सांगता येत नाही. आपल्याकडे उंच पोराला रिंगखाली उभं करतात, ‘हात वर ठेव’ म्हणतात आणि रिबाउंड पकडायला लावतात. त्याचे पाय कुणी घडवत नाही. दोन वर्षांनी विरुद्ध संघातही तेवढाच उंच पोरगा येतो आणि आपला बाकावर बसतो.

म्हणूनच अमेरिकेतल्या एका संघाने 2005 साली केलेला प्रयोग मला या चर्चेत फार महत्त्वाचा वाटतो. लॉस एंजेलिस लेकर्सने त्या वर्षी अँड्र्यू बायनम नावाचा सतरा वर्षांचा, सात फुटी पोरगा थेट हायस्कूलमधून निवडला. त्याला शिकवायला त्यांनी करीम अब्दुल-जब्बारला आणलं. एनबीएत वीस हंगाम खेळलेला, सहा विजेतेपदं आणि सहा वेळा सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळवलेला, 38,387 गुणांचा विक्रम नावावर असलेला सेंटर. हा विक्रम पुढे 2023 पर्यंत टिकला. त्याहून मोठं नाव शोधून सापडलं नसतं, आणि जागाही तीच. आपल्या वाचकांना करीम वेगळ्या कारणानेही माहीत असेल. तरुणपणी इस्लाम स्वीकारून त्याने 1971 साली जाहीरपणे नाव बदललं आणि त्याची किंमतही मोजली.

पुढे काय झालं? बायनम चांगला खेळाडू झाला. लेकर्सने 2009 आणि 2010 ची विजेतेपदं जिंकली तेव्हा तो त्यांचा सेंटर होता, 2012 साली ऑल-स्टार सामन्यात खेळला. पण करीमचा तो प्रसिद्ध स्कायहूक, डोक्याच्या वरून अर्धगोलात सोडलेला आणि कुणालाच अडवता न येणारा फटका, त्याने आपलासा केला नाही. उस्ताद आणि शागिर्दामधलं अंतरही वाढत गेलं. मग गुडघे गेले. 2012 मध्ये फिलाडेल्फियाला गेल्यावर तो तिथे एकही सामना खेळला नाही आणि 2014 पर्यंत, सव्वीस वर्षांचा असताना, त्याचा खेळ संपला.

यात करीमचा दोष शोधायची गरज नाही. गुडघे कुणी शिकवून वाचत नाहीत. पण या प्रयोगावरून एक दिसतं. जगातला सर्वोत्तम उस्ताद, योग्य जागेचा, पगारी, रोज उपलब्ध, आणि तरीही त्याची सगळ्यात मोठी विद्या पुढच्या पिढीकडे गेली नाही. मग दहा दिवसांच्या शिबिरात काय जाणार?

गंमत अशी की तो फटका करीमकडे कसा आला, ही गोष्ट उलट्या दिशेची आहे. 1942 साली शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात रे मेयर नावाचा तरुण प्रशिक्षक आला. त्याला जॉर्ज मायकन नावाचा चष्मा लावणारा, सहा फूट दहा इंचांचा, स्वतःच्याच पायात अडखळणारा पोरगा मिळाला. मेयरने त्याला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, नाचाच्या शिकवणीला पाठवलं, रिंगच्या उजव्या आणि डाव्या बाजूने आलटून-पालटून शेकडो फटके मारून घेतले. पोरगा पुढे आपल्या काळातला सगळ्यात मोठा सेंटर झाला आणि त्या सरावाला ‘मायकन ड्रिल’ नाव पडलं. न्यूयॉर्कच्या एका शाळेत हेच ड्रिल करता करता लहानग्या करीमचा हूक बसला. म्हणजे ज्याचं नाव आज फारसं कुणाला आठवत नाही अशा मास्तरने रोज घोटून घेतलेला धडा, तोच पुढे इतिहास झाला. हा सराव करायला एक रिंग, एक चेंडू आणि रोज वीस मिनिटं लागतात. मनमाडच्या कुठल्याही शाळेच्या मैदानावर तो होऊ शकतो, पावसाळा सोडून.

मोठ्या नावाचा खरा उपयोग कसा होतो, याचं उदाहरण मात्र ह्यूस्टन शहरात आहे. नायजेरियातल्या लागोसहून आलेला हकीम ओलाजुवान मुळात हॅण्डबॉल खेळायचा, फुटबॉलमध्ये गोलकीपर असायचा. बास्केटबॉलकडे तो किशोरवयात, तसा उशिरा आला. ह्यूस्टनच्या विद्यापीठात शिकताना उन्हाळ्याच्या सुट्टीत तो फॉन्डे नावाच्या सार्वजनिक जिममध्ये जायचा. तिथे मोझेस मलोन यायचा, त्या वेळचा एनबीएतला सर्वोत्कृष्ट खेळाडू. मलोनने त्याला व्याख्यान दिलं नाही. तो त्याच्याविरुद्ध खेळला. कोपर मारली, ढकललं, पाडलं आणि पुन्हा खेळायला लावलं. सुट्टीभर हे चाललं. हकीमने पुढे आयुष्यभर मलोनचं ऋण मान्य केलं. त्याच हकीमने 1994 आणि 1995 अशी लागोपाठ दोन विजेतेपदं ह्यूस्टनला मिळवून दिली. निवृत्तीनंतर कोबी ब्रायंट, लेब्रॉन जेम्स, ड्वाइट हॉवर्ड असे बडे खेळाडू टेक्सासमध्ये त्याच्याकडे शिकायला गेले. पण नीट बघा, हे सगळे तयार खेळाडू होते. पाया दुसऱ्यांनी घातलेला होता, हकीमने त्यावर कळस चढवला. कळस चढवणारा माणूस पाया खणायला बोलावला तर तोही वैतागतो आणि घरही उभं राहत नाही.

अमेरिका लांब राहिली. आपल्याच रेल्वेमार्गावर बघू. मनमाडहून दौंडच्या गाडीत बसलं की येवला, कोपरगाव, पुणतांबा गेल्यावर बेलापूर स्थानक लागतं. हेच श्रीरामपूर, झहीर खानचं गाव. सतरा वर्षांचा झहीर वडिलांसोबत मुंबईला गेला तेव्हा त्याला पहिला आधार दिला सुधीर नाईक यांनी. नाईक तीन कसोटी सामने खेळलेले. मुंबईत त्याची गोलंदाजी पाहून चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये नेलं टी. ए. शेखर यांनी. शेखर दोन कसोटी खेळलेले. आणि तिथे डेनिस लिली होता, 355 कसोटी बळींचा ऑस्ट्रेलियन वेगवान गोलंदाज, जो वर्षातून काही वेळा चेन्नईत यायचा. लिली यायचा आणि जायचा. तो सांगून गेलेलं मधल्या महिन्यांत गिरवून घ्यायला शेखर होते. झहीरने पुढे 311 कसोटी बळी घेतले, 2011 च्या विश्वचषकात सर्वाधिक 21 बळी घेणाऱ्या दोघांपैकी तो एक होता. गावोगावच्या भाषणांत त्याची गोष्ट ‘लिलीचा चेला’ म्हणून सांगतात. मला त्यात नाईक आणि शेखर यांची पाच कसोटींची बेरीज जास्त महत्त्वाची वाटते. हे दोघे नसते तर श्रीरामपूरचा पोरगा लिलीपर्यंत पोहोचलाच नसता.

आता कुणी म्हणेल, महाराष्ट्रात तर मोठ्या पैलवानाच्या हाताखालीच पैलवान घडतो. खरं आहे. आपली कुस्तीची सगळी भाषाच याची साक्ष देते. तालीम हा अरबी शब्द, अर्थ शिक्षण. वस्ताद म्हणजे उस्ताद. पैलवान, खुराक, मेहनत, आणि जोर-बैठकांमधला जोर, सगळे फारसी-अरबीतून मराठीत आले आणि इतके रुजले की कोल्हापूरच्या पैलवानाला ते परके वाटतच नाहीत. (हे शब्द ‘शुद्ध’ करायला निघालेल्यांनी एकदा तालमीत जाऊन सांगून बघावं.) पण तालमीतला वस्ताद शिबिर घेत नाही. तो तिथेच राहतो. पहाटे चारला तोच उठवतो, दुधात पाणी किती पडलं हे त्यालाच कळतं, पोरगं रात्री कुठे गेलं होतं हेही. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे रुस्तम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार यांच्याकडे पुण्यात असाच वाढला. 2011 साली बिराजदार गेले. पुढे काका पवारांनी त्याला सांभाळलं. 2018 मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलो गटात राहुलने सुवर्ण जिंकलं आणि ते बिराजदारांना अर्पण केलं, त्यांना जाऊन सात वर्षं झाल्यावर. तालमीत मोठं नाव आणि रोजचा माणूस एकच असतो. बास्केटबॉलमध्ये असा माणूस मिळाला तर डोळे झाकून पोरगं सोपवा. पण तसा मिळणं दुर्मीळ, आणि फीच्या पावतीवर तर नाहीच.

आपल्या समाजाच्या संदर्भात आणखी एक गोष्ट बोलायला हवी. उस्ताद निवडताना ‘अपना आदमी है’ हा निकष हळूच पुढे येतो. हकीम आणि करीमचे व्हिडिओ आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतात ते बहुतेक वेळा त्यांच्या फुटवर्कसाठी नव्हे. मला यात वावगं वाटत नाही, पण याचा उपयोग कुठे आहे आणि कुठे नाही हे वेगळं करावं. उपयोग आहे तो रोजाच्या प्रश्नात. फेब्रुवारी 1995 मध्ये रमजान होता. हकीम रोजे ठेवून खेळत होता आणि त्या महिन्याचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. सहरीला काय खायचं, सराव इफ्तारच्या आधी की नंतर, पाणी किती, हे सोळा वर्षांच्या पोराला सांगणारं कुणी हवं. ते न जमल्याने रमजानमध्ये संघातून बाहेर बसलेली पोरं मी पाहिली आहेत. हा सल्ला स्वतः त्यातून गेलेला खेळाडूच नीट देऊ शकतो.

बाकी सगळ्या बाबतींत धर्म विचारू नये. करीमला माणूस म्हणून घडवणारा त्याचा कॉलेजचा प्रशिक्षक जॉन वुडन हा श्रद्धाळू ख्रिश्चन होता, आणि उंचीने बेताचा. पहिल्या दिवशी त्याने खेळाडूंना मोजे कसे घालायचे ते शिकवलं, कारण मोज्याला सुरकुती राहिली की फोड येतो आणि फोड आला की सराव बुडतो. करीमने पन्नास वर्षांनी त्याच्यावर पुस्तक लिहिलं. आणि आपल्याच मुंबईतलं नागपाडा बघा. मुस्लिम वस्तीतला तो बास्केटबॉल आला कुठून? अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शार्टने नागपाडा नेबरहूड हाऊस सुरू केलं. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची सुरुवातही 1936 साली तिथूनच झाली, हे अनेकांना माहीत नसतं. त्या परिसरात बच्चू खान यांच्यासारख्या माणसाने पिढ्यानपिढ्या गल्लीतली पोरं घडवली. तिथलाच अब्बास मुंतसिर भारताचा कर्णधार झाला, 1970 चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. मिशनऱ्याने दार उघडलं, बच्चू खानांनी ते रोज उघडं ठेवलं. आपल्याकडे अब्बासचं नाव निघतं तेव्हा ही दोन्ही नावं सोबत निघायला हवीत.

उलट आपण काय करतो? जुना खेळाडू गावात आला की स्टेज, शाल, श्रीफळ, तीन भाषणं, पोरांसोबत फोटो. संध्याकाळच्या गाडीने तो परत. दुसऱ्या दिवशी मैदानावर तीच पोरं, तोच हवा गेलेला चेंडू.

मनमाडला तर हे कुणी बाहेरून शिकवायला नको. जून 2022 मध्ये मेक्सिकोतल्या लिऑन शहरात जागतिक युवा वेटलिफ्टिंग स्पर्धा झाली. मुलींच्या 40 किलो गटात आपल्या गावच्या आकांक्षा व्यवहारेने रौप्यपदक मिळवलं. उन्हाळ्यात ज्या गावाला पंधरा-पंधरा दिवस नळाच्या पाण्याची वाट बघावी लागायची, त्या गावातून जागतिक पदक. त्यामागे परदेशी दिग्गज नव्हता, इथल्याच व्यायामशाळेत रोज वजनं मोजून देणारे प्रशिक्षक होते. वेटलिफ्टिंगला हे जमलं, कारण मुली लहानपणापासून एकाच छताखाली, एकाच नजरेखाली वाढल्या. बास्केटबॉलला इथे ती घडी बसलेली नाही, आणि ती बसवण्याआधीच आपण कळसाचा कारागीर शोधत आहोत.

मोठ्या नावाकडे जाताना एक धोकाही लक्षात ठेवा. खेळ बदलतो. करीमने वीस वर्षांत तीन गुणांचा फटका फक्त एकदा यशस्वी केला, कारण त्याच्या काळातल्या सेंटरला त्याची गरज नव्हती. आज गरज आहे. पंजाबमधल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग, सात फूट दोन इंच, 2010 साली फ्लोरिडाच्या अकादमीत गेला आणि 2015 च्या ड्राफ्टमध्ये डॅलसने त्याला निवडलं. एनबीएने निवडलेला तो पहिला भारतीय. पण मुख्य संघाकडून त्याला एकही सामना खेळायला मिळाला नाही. तोपर्यंत सेंटरकडून दुरून फटका, जलद पाय आणि अचूक पास यांची मागणी होऊ लागली होती. म्हणून जुन्या खेळाडूकडून त्याचा आवडता फटका शिकायला जाऊ नका. दुसरं शिका. मागून ढकलणाऱ्याला कसं ओळखायचं, दोघं एकदम अंगावर आले की चेंडू कुठे द्यायचा, वाढत्या वयात गुडघे कसे जपायचे, पंच अन्याय करतो तेव्हा तोंड बंद कसं ठेवायचं. हे जुनं होत नाही.

मुलींबद्दल वेगळं लिहायला हवं, इथे थोडक्यात. आपल्या घरांतही उंच मुली आहेत. खेळताना डोकं झाकण्यावरची आंतरराष्ट्रीय बंदी 2017 साली उठली, त्यामुळे ते कारण आता पुढे करता येत नाही. त्यांच्यासाठी मात्र मी मोठ्या नावाची अट वर आणेन. सहा फूट दोन इंचांची केरळची सेंटर गीतू अ‍ॅना जोस ऑस्ट्रेलियात लीग खेळली, 2011 साली अमेरिकेत चाचण्या देऊन आली. अशी बाई समोर बसून बोलली तर मुलीपेक्षा तिच्या अब्बांवर जास्त परिणाम होईल. घराचा दरवाजा उघडायला कधी कधी नावच लागतं.

तर त्या पालकांना मी जे सांगितलं ते असं. कर्ज काढू नका. आधी शाळेच्या खेळशिक्षकांशी बोला, ते आठवड्यातून पाच दिवस मैदान उघडतील का, आणि त्याबद्दल त्यांना दरमहा काही देता येईल का. शिबिराच्या फीचा चौथा हिस्सा पुरेल. पुण्याच्या त्या खेळाडूंना फोन करून तीन गोष्टी विचारा. तुम्ही सेंटर खेळलात का? तुमच्याकडून गेलेली मुलं पाच वर्षांनी कुठे आहेत? आणि दहा दिवसांनंतर महिन्यातून एकदा सरावाचा व्हिडिओ पाठवला तर बघाल का? तिन्हींची उत्तरं नीट मिळाली तर पोराला पाठवा, फक्त त्याला एकट्याला पाठवू नका. खेळशिक्षकांनाही सोबत द्या, त्यांचं तिकीट आणि राहणं तुम्ही करा. पोरगं दहा दिवसांतलं निम्मं विसरेल, सर वहीत लिहून आणतील.

पालक म्हणाले, सरांचा खर्च कशाला, ते काय खेळणार आहेत?